आकाशाची शिवण

पापडी, वसई
१४ ऑक्टोबर २००१

प्रिय शांताराम,

राम राम. दोन वर्षं एक ओळही न लिहिणाऱ्या माणसाने पत्राची सुरुवात कशी करायची ते मला ठाऊक नाही, म्हणून सरळ कामावर येतो. काम कॉम्प्युटरचं आहे. हसू नकोस.

आपल्या आळीच्या नाताळच्या गोठ्याला यंदा पंचवीस वर्षं होतात. पोरांनी ठरवलंय की देखावा मोठा करायचा. बाळ येशूच्या मागचं आकाश वीस फूट लांब आणि दहा फूट उंच हवं, आणि ते रंगवायचं नाही. कॉम्प्युटरवर करायचं आणि मुंबईहून प्लॅस्टिकच्या कापडावर छापून आणायचं. फ्रेडरिक त्यांचा म्होरक्या आहे. मला म्हणतो, अंकल, तुम्ही आता शिडीवर चढू नका, खुर्चीवर बसून देखरेख करा. एकसष्टाव्या वर्षी मला खुर्ची मिळाली. बसतो झालं.

तू नाशिकला गेल्यावर गेल्या वर्षी आम्ही आकाश केलंच नाही. निळं कापड आणून चमकीच्या चांदण्या चिकटवल्या. लग्नाच्या मंडपात गाई-गुरं शिरल्यासारखं दिसत होतं. गोठ्यांच्या स्पर्धेतल्या बक्षिसाचं नाव सोड, लोक गोठ्यापुढे थांबतसुद्धा नव्हते.

माझी हेलन तुला दोन वेण्यांची आठवत असेल. ती आता स्टेशनजवळच्या क्लासात कॉम्प्युटर शिकते. तिच्या म्हणण्याप्रमाणे चित्रं काढायला दोन जातींची सॉफ्टवेअरं असतात, एक व्हेक्टर आणि एक रास्टर. वर गडद निळा, खाली येता येता गुलाबी, मग केशरी, असं एकात एक विरघळणारं आकाश करायचं तर कुठलं घ्यावं, यावर तिचं आणि फ्रेडरिकचं आठ दिवस वाजतंय. मी मधे बोललो तर दोघं मिळून माझ्याकडे बघतात.

तुझी सून रिद्धी छपाईचं दुकान चालवते, तिचा हा रोजचा धंदा. तिला विचार आणि नीट समजेल असं कळव. मागचं काही मी काढत नाही. तूही काढू नकोस.

मथुरावहिनींना नमस्कार. त्यांच्या हातच्या केळ्याच्या भाजीची आठवण येते, हे त्यांना सांग, तुला नव्हे.

तुझा,
वॉल्टर


नाशिक
२३ ऑक्टोबर २००१

प्रिय वॉल्टर,

राम राम. पत्र छापील आहे म्हणून बिचकू नकोस. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि घरात कॉम्प्युटर असताना शाई कशाला नासायची? मी सांगतो आणि रिद्धी टाइप करते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर ऐक. रास्टर म्हणजे ठिपक्यांचं चित्र. आपल्या बायका ठिपक्यांची रांगोळी काढतात तसं, फक्त ठिपके लाखांनी असतात आणि प्रत्येकाला आपापला रंग असतो. लहान चित्र फार मोठं केलं की ते ठिपके उघडे पडतात, कडा दातेरी दिसतात. व्हेक्टर म्हणजे हिशेबाचं चित्र. त्यात ठिपके नसतातच. रेघ कुठून कुठवर जाते आणि आत कुठला रंग आहे, एवढंच मशीन लक्षात ठेवतं. म्हणून पोस्टाच्या तिकिटाएवढं काढा नाहीतर चर्चच्या भिंतीएवढं करा, कड सुरीसारखी राहते.

तुम्हाला वीस फूट करायचंय, तेव्हा व्हेक्टर घ्या. त्यात रंग विरघळवणं अगदी सोपं असतं. वरचा रंग सांगायचा, खालचा सांगायचा, बटण दाबायचं. मधलं सगळं मशीन आपणच जुळवतं. तिथे कोणी कोणाची वाट बघत बसत नाही, आणि रंग वाळला म्हणून कोणी कोणाला बोलही लावत नाही. तुम्हाला हेच सोयीचं पडेल.

मी बरा आहे. इथे हवा कोरडी आहे, बाकी तक्रार नाही. मथुरा भाजीचं ऐकून खूश झाली.

तुझा,
शांताराम


पापडी, वसई
१ नोव्हेंबर २००१

प्रिय शांताराम,

तुझं टंकलिखित फर्मान मिळालं. अख्ख्या वसईत ज्याच्या अक्षराची पाटी लागली की दुकान चालायचं, तो माणूस जुन्या मित्राला छापील पत्र पाठवतो. मोठा झालास बाबा. पुढच्या वेळी रबरी शिक्का मारून पाठव.

हेलनने तुझं पत्र दोनदा वाचलं आणि फ्रेडरिकला नेऊन दाखवलं. ती व्हेक्टरच्या बाजूची होती, त्यामुळे घरात सध्या दिवाळी आहे. व्हेक्टर ठरलं.

पण 'कोणी कोणाची वाट बघत बसत नाही' हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मागचं काढायचं नाही असं ठरलं होतं ना? मग ऐक. काढलंस तर पुरतं काढू.

तेवीस आकाशं केली आपण. नाताळाच्या आधी फ्रेडरिकच्या बापाच्या ओट्यावर मांजरपाट ताणायचं, सरस आणि खडूचा हात द्यायचा, आणि सकाळी तू निर्मळहून सायकलवर आलास की मी शिडीवर आणि तू जमिनीवर. मी वरून निळा खाली आणायचा, तू खालून केशरी वर न्यायचा, आणि छातीच्या उंचीवर ओल्यात ओलं भेटायचं. पावडरीचे रंग, त्यात नाताळातला कोरडा वारा. पाव तासाची चूक झाली तर मधे रेघ राहणार. बावीस वर्षं राहिली नाही. तेविसाव्या वर्षी राहिली. आळीतल्या म्हाताऱ्या सॅन्टनच्या आईने सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे पोरांनो, यंदा देवाच्या आकाशाला शिवन घातली का?" लोक हसले. तू म्हणालास, वॉल्टरने निळ्यात सरस जास्त घातला. मी म्हणालो, शांतारामला वर यायला उशीर झाला. तिथून तू सायकल घेऊन गेलास, आणि फेब्रुवारीत घर बंद करून मुलाकडे नाशिकला गेलास. मला बातमीसुद्धा आपल्या पाट्या रंगवायच्या दुकानावरच्या चहावाल्याकडून कळली.

हे मी भांडायला लिहीत नाही. पंचविसावं वर्ष आहे, तू इथे असावंस असं मला वाटतं. मशीनचं तर मशीनचं, पण आकाश लागेल तेव्हा त्याखाली आपण दोघं उभं राहू. येशील का?

आणि तुझ्या केशरी रंगाचं प्रमाण कळव. हेलनला मशीनमध्ये आकडे घालायचे आहेत. पिवळा किती आणि लाल किती ते तू कधी मला सांगितलंच नाहीस.

तुझा,
वॉल्टर


नाशिक
११ नोव्हेंबर २००१

प्रिय वॉल्टर,

दिवाळीच्या तोंडावर दुकानात कॅलेंडरांची झुंबड आहे, म्हणून उशीर झाला.

केशरीचं प्रमाण मी लपवलं नव्हतं, ते मलाच माहीत नाही. पिवळा घ्यायचा, त्यात लाल घालत जायचं, आणि निर्मळच्या तळ्यावर मावळतीला जसं दिसतं तसं झालं की थांबायचं. रिद्धीने अंदाजाने चार आकडे काढून दिले आहेत, ते मागच्या बाजूला आहेत. हेलनला दे. हुशार मुलगी दिसते. तिला सांग की निळा आणि केशरी थेट भेटवू नकोस, गढूळ होतात. मधे गुलाबी पाहुणा बसव.

नाताळला यायचं म्हणतोस. कशाला येऊ? छापून आणलेल्या आकाशाखाली उभं राहून टाळ्या वाजवायला? पाहुणा म्हणून मी पापडीला कधी आलो नाही, आताही येणार नाही. कॉम्प्युटरला हात लागत नाहीत, तुझेही नाहीत आणि माझे तर नाहीतच. तुमचं चांगलं होऊ दे. शिवण पडणार नाही एवढं नक्की.

फराळाचं पार्सल मथुराने पाठवलं आहे. चकल्या मोडल्या असतील तर पोस्टाला बोल, तिला नको.

तुझा,
शांताराम


पापडी, वसई
६ डिसेंबर २००१

प्रिय शांताराम,

आकाश आलं. परवा टेम्पोतून उतरवलं, फ्रेडरिकच्या ओट्यावर टांगलं, आणि आम्ही सगळे रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो.

वरपासून खालपर्यंत पट्टे आहेत. मी मोजले, सदतीस. प्रत्येक चार बोटं रुंद. निळा, मग जरा कमी निळा, मग आणखी कमी, असे एकाखाली एक. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वीतभर होतं तेव्हा ते रेशमासारखं दिसायचं, मी स्वतः बघितलं होतं. वीस फुटांवर प्रत्येक पट्ट्याची कड दिसते, आणि तू लिहिलं होतंस तशी ती सुरीसारखी आहे. हेलन रडली. मग सॅन्टनची आई काठी टेकत आली, तिने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाली, "तवा एक शिवन व्हती. यंदा नुसती शिवनच हाय, आकास कुटं हाय?"

छापखाना नाताळपर्यंत दुसरं काम घेत नाही. पोरं आता निळं कापड आणि चमकीचं बोलू लागली आहेत.

तुझ्यावर राग नाही. तुला मशीनचं काय माहीत, रिद्धीने सांगितलं ते तू कळवलंस. मी हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. ती मी दोन वर्षं पोटात ठेवली आणि त्या पट्ट्यांकडे बघताना मला राहवलं नाही.

तुझी दोन्ही पत्रं मी काढून बसलो. सगळं छापील, खाली सही तेवढी हाताची. शांताराम, तो 'श' मी तेवीस वर्षं आपल्या दुकानाच्या पाटीवर बघितला आहे. एका दमात काढायचास, खडूची रेघसुद्धा न आखता. पत्रातल्या 'श'ची गाठ तीन ठिकाणी मोडली आहे. चष्म्याने अक्षर वाकडं होतं, मोडत नाही.

आणि मला ते नवीन नाही. त्या दिवशी शिडीवरून मी पाहिलं होतं. तू उजवं मनगट डाव्या हाताने धरून ब्रश चालवत होतास. मला वाटलं, आता घाई केली, हाक मारली, तर चार पोरांदेखत तुझी फजिती होईल. खाली उतरून तुझी बाजू मी रंगवली तर त्याहून वाईट. म्हणून वरच थांबलो, निळा भिजवल्याचं नाटक करत राहिलो. मी थांबलो आणि माझा निळा वाळला. शिवण माझ्या बाजूने पडली. मग तू सगळ्यांसमोर सरसाचं बोललास, मला राग आला, आणि तुला उशीर झाला असं मी म्हणून बसलो. खरं बोललो असतो तर तुझा हात चव्हाट्यावर आला असता. खोटं बोललो तर मित्र गेला. दोन्हीकडून माझीच चूक.

तेवढं सांगायचं होतं. आकाशाचं काही होवो.

तुझा,
वॉल्टर


नाशिक
११ डिसेंबर २००१

प्रिय वॉल्टर,

हे पत्र हाताने लिहितोय. ओळी चढउतार करतात, त्याला इलाज नाही. तीन बैठका लागल्या. रिद्धी टाइप करायला पुढे आली होती, तिला म्हटलं, हे माझं मला लिहू दे.

हात दोन नाही, अडीच वर्षं हलतोय. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, पण थांबणारही नाही. नारळ फोडता येतो, ताट धरता येतं. रेघ काढता येत नाही. पेंटरला दुसरं काय येतं, सांग. त्या दिवशी मला उशीर झाला हे मला माहीत होतं. तरी सरसाचं तुझ्या माथी मारलं, कारण तुझा सरस सुधारता आला असता आणि माझा हात नाही. तू बघितलंस हे मला कळलं असतं तर मी पापडीचा रस्ता जन्मात धरला नसता. आज कळलं तेव्हा मात्र हलकं वाटलं. याचं मलाच नवल वाटतंय.

आता माझा गुन्हा. तू मला माफ करून बसलास, पण कशाबद्दल ते तुला माहीत नाही.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी रिद्धी मला म्हणाली होती, बाबा, आकाशाला व्हेक्टर नको. अक्षरं, चांदणी, ज्याला कड आहे त्याला व्हेक्टर. आकाशाला कड कुठे असते? तिथे ठिपकेच हवेत, कितीही मोठं केलं तरी लांबून कोण मोजतो. व्हेक्टरमध्ये रंग पायऱ्यांनी उतरतो, मोठं केलं की पायऱ्या दिसतात. तिने हे सगळं सांगितलं, आणि मी म्हटलं, तू व्हेक्टरच टाइप कर. ती तोंड फुगवून टाइप करत होती. मला वाटलं, वॉल्टरला बिनमाणसांचं आकाश हवंय ना, मग घे. पट्टे पडावेत असं मनात होतं की नव्हतं, ते देवाला माहीत. हेलनची मी माफी मागतो. तिची चूक नाही, हे तिला आणि फ्रेडरिकला माझं नाव घेऊन सांग.

तुझं पत्र वाचल्यावर मी रिद्धीला विचारलं, ठिपक्यांत तरी पट्टे जातात का? ती म्हणाली, नुसत्या ठिपक्यांनी जात नाहीत, वर दाणे टाकावे लागतात. तिने करून दाखवलं. आधी तिथेही फिकट पट्टे होतेच. मग तिने एक आज्ञा दिली आणि सगळे ठिपके जागच्या जागी जरासे हलले, इकडचा एखादा निळा तिकडे, तिकडचा गुलाबी इकडे, कुठलाही नेम न धरता. पट्टे गेले. मी विचारलं, हे काय केलंस? ती म्हणाली, बाबा, रंग फार नीट असला की शिवण दिसते. म्हणून मशीनला मुद्दाम हात हलवायला लावायचा.

ते वाक्य ती सहज बोलून गेली आणि मग माझ्या हाताकडे बघून तिने पटकन नजर वळवली. मी उठून बाहेर गेलो. गच्चीवर मथुरा वाल वाळवत होती. तिला म्हटलं, बॅग काढ.

वॉल्टर, काथ्याचा तो जाडा कुंचला अजून तुझ्याकडे असेल तर भिजत घाल. नसेल तर नारळाची सोडणं ठेचून नवा कर. केशरी लावायचं काम मला आता जमणार नाही, ते हेलनला शिकवू, खालून ती येईल आणि वरून तू. तुम्ही भेटलात की मधली हातभर जागा माझी. तिथे मला रेघ काढायची नाही. कोरडा कुंचला धरून नुसतं उभं राहायचं आहे, बाकीचं हात आपणच करील.

वीस तारखेच्या सकाळच्या एसटीने निघतो. नको म्हणायला वेळ ठेवलेला नाही.

तुझा,
शांताराम


पापडी, वसई
१५ डिसेंबर २००१

प्रिय शांताराम,

कार्डावर लिहितोय, म्हणजे तू निघायच्या आत पोचेल.

हेलनला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, काकांना सांगा मी रागावलेय, आणि केशरी शिकवल्याशिवाय राग जायचा नाही. गोठ्याच्या दारावरचं नाव आणि मोठी चांदणी तिने व्हेक्टरमध्येच केली आहे. कड बघ, बोट कापेल. सदतीस पट्ट्यांचं आकाश फ्रेडरिकने मोटरसायकल झाकायला नेलं.

मांजरपाट ताणून झालं, खडूचा हातही दिला. कुंचला सापडला, उंदराने एका बाजूने खाल्लाय, पण तुला चालेल. एकवीस तारखेला सकाळी रंग कालवू. तुझ्यासाठी मधे स्टूल ठेवलं आहे. शिडीवरून ते मला दिसतं, मी बघून घेतलंय.

निळा या वेळी पातळ ठेवणार आहे, लवकर वाळायचा नाही. तू सावकाश कर. मी वर थांबलेला असेन, आणि या वेळी सगळ्यांना सांगून थांबेन.

वॉल्टर